बाबांच्या बाजूचा ब्रेक

३ तारीख, सोमवार

आज म्हातारीने एका उभ्या स्कूटरला पाडलं. म्हातारी म्हणजे आमची गाडी. माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे.

आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि बाबा. गाडीत डाव्या सीटपुढे बाबांसाठी वेगळा ब्रेक आहे. शिकणाऱ्याने घोळ केला की बाबा तो दाबतात. त्याच्या मागून एक सळई जाते आणि खरं पेडल ओढते, एवढंच आहे ते. चालवत होत्या दाताच्या डॉक्टरबाई. पाण्याच्या टाकीच्या उतारावर त्यांनी ब्रेक समजून क्लच दाबला. बाबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण स्कूटर पाडून.

स्कूटरवाला समोरच्या सलूनमध्ये होता. अर्ध्या दाढीने बाहेर आला आणि पूर्ण आवाजात बोलला.

बाबा घरी येऊन म्हणाले, "ब्रेक लागला नाही."

मला म्हणाले, कारण गाडीचं काम मी बघते. शाळा सोडल्यापासून मी नानांच्या गॅरेजात जाते आणि म्हातारीला दुसरं कोणी हात लावत नाही. म्हणजे स्कूटर मी पाडली.

जेवले नाही. नंतर थोडं जेवले.

४, मंगळवार

सकाळीच चारी चाकं उतरवली. या गाडीला चारी बाजूंना ड्रम आहेत. ड्रम म्हणजे डब्यासारखी गोष्ट, आत दोन लायनर असतात, ते बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला घासतात, मग चाक थांबतं. लायनर चांगले होते. तरी घट्ट करून घेतले. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, बदललं.

नानांनी चालवून बघितली. ब्रेकवर उभेच राहिले. गाडी थांबली आणि त्यांचा चहा पुढच्या काचेवर गेला.

"ठीक आहे की," नाना म्हणाले. "जुन्या गाडीचा जसा असतो तसा आहे. मौनीबाई, तुला काय पाहिजे? विमान उतरवायचंय?"

नाना मला मौनीबाई म्हणतात. मी फार बोलत नाही. शाळेत पण उभं राहून वाचायला सांगितलं की आवाज यायचा नाही. सरांना वाटायचं मी माजोरडी आहे. नववीत वाटून वाटून सगळ्यांनाच पटलं, मग मी गेलेच नाही. नानांना मात्र चालतं. ते म्हणतात गॅरेजात आधीच एक माणूस जास्त बोलतो.

संध्याकाळी बाबांनी गाडी फिरवून आणली. "जरा बरी आहे," म्हणाले. "पण जड लागतो गं. फार जड."

७, शुक्रवार

विचार केला. पुढच्या दोन चाकांना डिस्क लावायची. डिस्क म्हणजे ताटली. दोन बाजूंनी चिमटा येतो आणि ताटली पकडतो. चिमट्याला कॅलिपर म्हणतात. शिवाय बूस्टर बसवायचा, तो इंजिनाच्या ओढीने पायाला मदत करतो. म्हातारी कारखान्यातून निघाली तेव्हा लोक नुसत्या पायाच्या जोरावर थांबायचे.

नानांना कागदावर चित्र काढून दाखवलं. नानांनी चित्र उलटं धरून बघितलं, मग सुलटं. म्हणाले, "होईल. पण घोड्याला खोगीर शोभतं, गाढवाला शोभेल का ते बघ."

म्हणजे हो.

आज आई फार खुशीत होती. बाबांना एक सवय आहे. कुठेही बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबतो. बसमध्ये दाबतो, टीव्हीवर गाडी दिसली तरी दाबतो. झोपेत तर रोज. ती लाथ आईला बसते. लग्न झाल्यापासून बसते. आई म्हणाली, "हल्ली अजिबात नाही गं. महिना झाला असेल. शांत झालाय माणूस. वय झालं की येतंच शहाणपण."

बाबा पायावर पाय टाकून बसले होते. म्हणजे हाताने उचलून टाकला होता.

९, रविवार

भंगारात गेले. मला दुकानात बोलता येत नाही, म्हणून मी वस्तूजवळ जाऊन उभी राहते. कोणीतरी विचारतंच. भंगारवाल्याने आज खूप वेळ विचारलं नाही. त्याला वाटलं मी उन्हातून आडोशाला आलेय. शेवटी म्हणाला, "काय गं पोरी, हरवलीस का?" मी बोट दाखवलं.

आमच्याच कंपनीची, म्हातारीनंतरची गाडी होती. मागून ठोकलेली. पुढचं सगळं धडधाकट. डिस्क, कॅलिपर, बूस्टर, सगळं काढून घेतलं. नळ्या आणि ताटलीला घासणारे पॅड नवे घेणार. ब्रेकचे पॅड दुसऱ्याचे वापरत नाहीत, दात घासायच्या ब्रशसारखं.

भंगारवाला म्हणाला, "थोरलीला धाकटीचं सामान बसतं का?"

मी मान हलवली. नंतर वाटलं मापं घ्यायला हवी होती.

१२, बुधवार

मापं बसली. देव आहे.

बाबा गॅरेजात आले आणि म्हणाले, त्यांच्या बाजूचं पेडल चार बोटं डावीकडे सरकव. विचारलं का, म्हणजे बघितलं फक्त. ते म्हणाले, "डाव्या पायाने दाबून बघतो. उजव्याला अडचण होते, जागा कमी आहे."

जागा आधी होती तेवढीच आहे. पण बाबा सतरा वर्षं त्या सीटवर बसतायत, त्यांनाच जास्त माहीत. पेडल कापून डावीकडे जोडून दिलं. वेल्डिंग छान झालं.

बाबांचे बूट पण बघून घेतले. उजव्या बुटाचं टोक पुढून घासून पार पांढरं झालंय. डावा नवा दिसतो. रस्त्यांचं काही खरं नाही. मोच्याकडे टाकला.

१६, रविवार

डिस्क बसल्या. बूस्टर बसला. पण ब्रेक लागत नाही.

झालं असं. नवं काम केलं की नळ्यांमधली हवा काढावी लागते. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल करायचा, की तेलाबरोबर हवा येते. मग स्क्रू बंद, मग पेडल सोड. असं करत राहायचं. सगळे लोक ओरडून करतात, "दाब! सोड!" मी पान्याने चाकावर ठोकते. एकदा म्हणजे दाबा, दोनदा म्हणजे सोडा. बाबांना माहीत आहे.

बाबा आत, मी खाली. सकाळपासून ठोकतेय. पेडल मऊच. ओल्या कणकेसारखं. एकदा मी ठोकलं आणि पेडल खाली आलंच नाही. परत ठोकलं. बाबा वरून म्हणाले, "थांब जरा, मुंग्या आल्यात." मग डावा पाय लावला.

नाना दुपारी झोपून उठले, आले, चाकाकडे बघितलं आणि खाली बसले.

"मौनीबाई, हवा कुठे जाते? वर का खाली?"

मी बोट वर केलं.

"मग तिचं दार तळघरात का ठेवलंस?"

स्क्रू खालच्या बाजूला होता. तो वर असायला पाहिजे. मी डावीकडचा कॅलिपर उजवीकडे बसवला होता आणि उजवीकडचा डावीकडे. दोन्ही नीट बसले होते, बोल्ट पण बरोबर लागले, म्हणून संशयच आला नाही. तसे ते जन्मभर बसून राहिले असते.

नाना म्हणाले, "होतं असं. चुकीच्या बाजूला पण माणूस व्यवस्थित बसतो."

बाबा यावर हसले नाहीत. नानांच्या विनोदांना बाबा नेहमी हसतात, कारण नाना नंतर समजावून सांगतात आणि ते जास्त त्रासाचं असतं.

१७, सोमवार

अदलाबदल केली. हवा निघाली. पेडल दगडासारखं. इंजिन चालू केलं की अलगद खाली जातं.

नवे पॅड आणि ताटली यांची ओळख करून द्यावी लागते. वेग घ्यायचा, हळू करायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग. नानांना बाजूला बसवून बंद पडलेल्या शीतगृहामागच्या मैदानात केलं. जळका वास येतो, तो यायलाच पाहिजे. शेवटी खराखुरा ब्रेक मारला. नानांची टोपी पुढे गेली, नाना मागे राहिले.

"अगं ए!" नाना म्हणाले. मग म्हणाले, "आता हिच्या मागच्या गाडीवाल्याने जपून राहावं."

मी हे दोनदा लिहिणार होते. एकदाच लिहिते.

२०, गुरुवार

शिकवणी संपल्यावर बाबा पाणी प्यायला गेले आणि डॉक्टरबाई गाडीजवळ थांबल्या. मला म्हणाल्या, "गाडी एकदम छान थांबते हं आता. लोण्यासारखी."

मी मान हलवली.

"म्हणजे मी थांबवते तेव्हा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. लोक तोंड उघडायची वाट बघतात तसं. त्यांचा धंदाच तो आहे. "तुझे बाबा ठीक आहेत ना गं?"

मी म्हटलं, हो.

त्या म्हणाल्या, "मी दातांची डॉक्टर. खालचं मला काही कळत नाही." आणि गेल्या.

विचार केल्यावर लक्षात आलं. त्यांचं पेडल चांगलं, बाबांचं वाईट. मधे काय आहे? सळई. काढून बघितली तर सांधा खरंच जरासा झिजला होता. नवा सांधा केला. आता बाबांचं पेडल केसभर हललं तरी पलीकडचं हलतं. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही.

२४, सोमवार

वाईट दिवस.

शाळेच्या कोपऱ्यावर एक मुलगा सायकल घेऊन मधे आला. डॉक्टरबाई घाबरून हॅन्डल सोडून बसल्या. म्हणजे स्टिअरिंग. गाडी गेली ती गेलीच. शेवटी बाबांनी हाताने हॅन्डब्रेक ओढला. मुलगा सायकल टाकून पळाला, त्याला काही लागलं नाही. सायकलचं पुढचं चाक वाकलं. ते मी सरळ करून दिलं.

बाबा जेवताना म्हणाले, "उद्यापासून शिकवणी बंद. ब्रेक नीट होईपर्यंत."

आई म्हणाली, "अहो, पोरगी महिनाभर त्या गाडीखाली झोपतेय. अजून काय नीट व्हायचंय?"

"लागत नाही ब्रेक."

"मग विका ती गाडी."

"आणि करू काय? दुसऱ्याच्या गाडीला असा ब्रेक नसतो. मला तेवढंच येतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी चूक नाही."

चूक नसेल तर असं सांगत नाहीत. बाबांचं एक वाक्य आहे, प्रत्येक शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी ऐकवतात: आधी तोंड, मग पाय. ते म्हणतात, माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला म्हणजे मी सांगायला उशीर केला. आज ते म्हणाले की त्यांनी सांगितलं पण वेळेवर, आणि दाबला पण वेळेवर.

मग राहिलं कोण? मीच.

उद्या मैदानात घेऊन जाते. समोर दाबून घेते. जे काय आहे ते डोळ्यांनी बघते.

२५, मंगळवार

मैदानात गेलो. मी स्टिअरिंगवर, बाबा त्यांच्या जागी. ठरलं असं, मी वेगाने सरळ जायचं, हॉर्न वाजवला की बाबांनी त्यांच्या बाजूने थांबवायची. उजव्या पायाने, म्हणजे पहिल्यासारखं. पेडल मी सकाळीच परत जुन्या जागी जोडलं होतं. बाबा म्हणाले डाव्याने दाबतो. मी मान हलवली, नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त सळई होती.

हॉर्न वाजवला. गाडी चालतच राहिली.

परत वाजवला. मी खाली बघितलं. बाबांचा चेहरा पूर्ण दाबत होता. मानेच्या शिरा वर आल्या होत्या, मांडी कापत होती. बूट पेडलच्या शेजारी आडवा पडला होता. त्यांना वाटत होतं पाय पेडलवर आहे.

बाबा दाबत होते. पाय दाबत नव्हता. काल पण ऐनवेळी सवयीने उजवाच पुढे गेला असणार.

भिंत यायला लागली तसा मी माझ्या बाजूचा दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. एक टायर पण ओरडला नाही, दोन्ही बाजूंनी सारखी थांबली.

इंजिन बंद केलं. बाबांनी खाली बघितलं. मग दोन्ही हातांनी पाय उचलला आणि सरळ ठेवला, कोणाची तरी पडलेली वस्तू ठेवतात तसा.

आम्ही भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर 'येथे गाडी लावू नये' लिहिलं होतं.

बाबा म्हणाले, "ब्रेक चांगला केलास."

मी चावी काढून घेतली.

मग म्हणाले, "मला वाटलं ब्रेकच असेल." आणि थोड्या वेळाने, "तो असता तर तू केला असतास ना."

२७, गुरुवार

दवाखान्यात आई, बाबा आणि मी. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकलं, मग टाचेवर. डावीकडे उडतो, उजवीकडे नाही. टाचणी टोचली, बाबांना कळलं नाही. कंबरेत नस दबली आहे. वर्षानुवर्षं शिकणाऱ्याकडे वाकडं बसून बसून. ऑपरेशन लागेल का ते नंतर बघू, आधी पट्टा, औषध, व्यायाम. पेडलला पाय लावायचा नाही. परत जोर येईल का, तर येऊ शकतो, असं म्हणाले. येईल असं म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

बाबा म्हणाले, "ब्रेक खराब झाल्यापासून."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली आणि म्हणाली, "मी मेली खुश होते. लाथ बसत नाही म्हणून शेजारणीला सांगून आले." मग बाबांना म्हणाली, "तुम्हाला तोंड दिलंय ना देवाने? पोरीचं एक समजू शकते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. आम्ही दोघं एकाच कारखान्यातले आहोत.

पुढच्या महिन्याची ५, शनिवार

डॉक्टरबाईंची परीक्षा आहे, त्यांना दुसरीकडे जायचं नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या गाडीत मी मरेन किंवा दुसरं कोणीतरी."

मग बाबांनी ठरवलं, ते मागे बसून शिकवणार. पट्टा लावून, उशी घेऊन. मी पुढे डाव्या सीटवर. मला लायसन्स मिळून थोडेच महिने झालेत, पण बाबा म्हणाले, शिकवणारे ते, मी फक्त पाय. पगारी पाय.

मी आज सगळीकडे दाबला. कुत्रं दिसलं दाबला. वळण दिसलं दाबला. ब्रेक जोरदार आहे, ते माझंच काम. डॉक्टरबाईंचं कपाळ दोनदा स्टिअरिंगला लागता लागता राहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, माझे दात आहेत हे."

बाबा मागून म्हणाले, "पाय नंतर. आधी तोंड."

मी म्हटलं, तोंड तुमचं आहे ना. म्हणजे मनात म्हटलं.

१२, शनिवार

बाबा मागून बोलतात, मी पुढे दाबते. मधे थोडा वेळ जातो. तेवढ्यात गाडी बरीच पुढे जाते. हे सळईसारखंच आहे, सांधा ढिला आहे. पण हा सांधा मला बदलता येत नाही.

व्यायाम करताना बाबांचा अंगठा जरासा हलला असं आई म्हणते. बाबा म्हणतात, वारा असेल.

२६, शनिवार

आज उकडत होतं. बाबांनी रात्री कंबरेच्या दुखण्याने झोप घेतली नव्हती. डॉक्टरबाई चांगल्या चालवतात आता, मैदानाला दोन फेऱ्या मारून आम्ही गावात आलो. टाकीचा उतार आला. सलूनसमोर तीच स्कूटर होती. आमची गाडी दिसली तसा स्कूटरवाला खुर्चीतून उठला आणि गळ्यात टॉवेल तसाच ठेवून स्कूटर फुटपाथवर चढवायला लागला.

उताराला वेग वाढला. मी बाबांच्या आवाजाची वाट बघितली. इथे ते नेहमी 'हळू' म्हणतात. आवाज आला नाही.

मी मागे बघितलं. बाबा झोपले होते. तोंड उघडं, उशी पोटाशी, मान काचेला. बाबा कधीच गाडीत झोपले नाहीत. रात्रीच्या बसमध्ये सगळी बस झोपते आणि बाबा एकटे जागून ब्रेक मारतात. इथे गाडी उतारावर, चालवणारी नवी, शेजारी मी, आणि हे झोपलेत.

माझा पाय पेडलवर होता. दाबला असता तर बाबा पुढे आपटले असते. कंबर.

"हळू," मी म्हटलं.

"आं?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हळू. ब्रेक. मधलं पेडल. आता पूर्ण. थांबा."

त्या थांबल्या. लोण्यासारखी थांबली. स्कूटरवाला टॉवेल घेऊन आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे. माझा पाय पेडलवर तसाच होता, न दाबलेला.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "झोपले? उठवू का?"

मी म्हटलं, "नको. अजून एक फेरी मारा. डावीकडे इंडिकेटर द्या आधी."

दुसऱ्या फेरीत, बाजाराच्या वळणावर, मागून माझ्या सीटला लाथ बसली. फार जोरात नाही. मी वळून बघितलं. बाबा झोपेतच होते आणि बूट माझ्या सीटला टेकलेला होता, मोच्याने पुढून चामडं लावलेला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई आमटी ढवळत होती.

"कुठल्या पायाची?"

"उजव्या."

आई ढवळायची थांबली. मग परत ढवळायला लागली, माझ्याकडे पाठ करून, खूप वेळ, आमटीला गरज नसताना.

"झालं," म्हणाली. "आता मला झोपू देणार नाहीत."